उष्टाळीची बाटली

सगुण धुरींनी पहार जमिनीत रोवली, तिच्यावर दोन्ही हात ठेवले आणि वळून माझ्याकडे पाहिलं.

"मास्तर, परत एकदा सांगा. सगळी काढूची?"

"सगळी. आधी केळीची ही तीन पिल्लं मला द्या. मग उरलेलं बेट मुळासकट खणायचं, वर रॉकेल ओतायचं आणि जाळायचं."

"आनि एक खुट ठेवलंय तर?"

"त्या एका खुंटावरून मावा उडेल आणि रोग पुन्हा पसरेल. उद्या मी तुम्हाला निरोगी रोप आणून दिलं, तर त्यालाही तोच लागेल."

त्यांनी मान हलवली. पहार मात्र उचलली नाही.

मागच्या पडवीच्या पायरीवर त्यांची नात चैताली बसली होती. पाचवीत होती. तिच्या मांडीवर दुपट्यात गुंडाळलेला महिन्याभराचा भाऊ झोपला होता, आणि त्याच्या अंगावर बसणारी माशी ती हाताने न मारता तोंडाने फुंकर घालून उडवत होती.

या गोष्टीला आता बावीस वर्षं झाली. मी मास्तर नव्हतो. तालुक्याच्या गावाबाहेर टिश्यू कल्चरचं एक छोटं केंद्र होतं, काचेच्या बाटल्यांत केळीची रोपं वाढवायचं, त्याचा मी प्रमुख होतो. पण समोर कोणी दिसलं की त्याला समजावून सांगितल्याशिवाय मला राहवत नसे, म्हणून सगुणनी पहिल्या भेटीतच मला मास्तर करून टाकलं.

शिरखोल गावात केळीची एक जात होती, उष्टाळी. आखूड, बोटभर लांबीची फळं, साल कागदासारखी पातळ, आणि पिकल्यावर कढवलेल्या लोण्यासारखा वास. ती विकायला कोणी लावत नसे. गावातल्या प्रत्येक मुलाचं उष्टावण तिच्यावर व्हायचं. सोन्याच्या अंगठीने कुस्करलेलं उष्टाळीचं केळं, ते पोटात जाणारं पहिलं अन्न. ज्यांच्या घरी ती नसे ते धुरींच्या दारात येत. धुरींच्याकडे एक रीत होती : लहानाचं ते लहानाने द्यायचं. घरात जे सगळ्यात लहान चालतं-बोलतं मूल असेल त्याने आपल्या हाताने केळं द्यायचं. गेली सहा वर्षं ते काम चैतालीचं होतं.

मग पर्णगुच्छ हा रोग आला. पानं आखूड होतात, उभी राहतात, शेंड्याला घोस करून बसतात आणि घड येतच नाही. तीन वर्षांत गावातली उष्टाळी संपली. राहिलं ते धुरींच्या विहिरीजवळचं हे एक बेट, आणि त्याचीही पानं आता उभी व्हायला लागली होती.

"सर," चैताली पायरीवरून म्हणाली, "ह्या पिलांतय रोग आसतलो मा? मगे तो बाटलीतय येतलो."

मला तिचा प्रश्न इतका आवडला की मी कपडे न बघता तिच्यासमोर मातीत बसलो.

"तू कांदा सोललायस ना? एकाच्या आत एक पापुद्रा. केळीचं पिल्लू तसंच असतं. सोलत सोलत गेलं की अगदी मधे मोहरीएवढं टोक उरतं. ते इतक्या भराभर वाढतं की रोग त्याला गाठू शकत नाही. एस.टी. सुटल्यावर मागून धावणारा माणूस बघितलायस?"

"आमचे आबा."

"गप गो," सगुण म्हणाले. पण हसले.

"तसं. रोग मागून धावतो, टोक पुढे पळतं. आपण फक्त टोक घ्यायचं."

"आनि बाकीचा?" सगुणनी विचारलं.

"बाकीचं टाकून द्यायचं."

"म्हंजे माजा येवढा बेट मी जाळूचा, आनि तुमच्या हातात रवतली मोहरी."

"त्या मोहरीतून तुम्हाला शंभर रोपं देईन."

"शंभर नको. एक देवा. पुढचा मी बगतंय." त्यांनी पहार उचलली. तिसरं पिल्लू माझ्या गोणपाटावर ठेवताना म्हणाले, "तुमी सांगतास म्हणान करतंय हां, मास्तर. दुसऱ्या कोणी सांगितल्यान असता तर ऐकूक नसतंय."

संध्याकाळी मी निघालो तेव्हा विहिरीजवळ धूर होता.

*

तीन पिल्लांतून आणि त्यांच्या बाजूच्या डोळ्यांतून आम्हाला पाच टोकं मिळाली. लतिकाने ती कापली. लतिका माझी सहकारी, तिच्याइतका स्थिर हात मी नंतरही कोणाचा पाहिला नाही. पाच टोकं पाच बाटल्यांत गेली. बाटलीत तळाला बोटभर जेली असते, त्यात साखर आणि क्षार. रोपाला जे आवडतं तेच जंतूंनाही आवडतं, म्हणून आत एकही जंतू जाता कामा नये. पहिल्या आठवड्यात दोन बाटल्यांत पांढरी बुरशी आली. तिसरं टोक काळं पडलं. दोन जगली, हिरवी झाली, हळूहळू वाढली. जानेवारीत दोघांचे तुकडे पुण्याला तपासणीला पाठवले. एकात रोग निघाला. एक स्वच्छ होतं.

एक बाटली. तिच्यावर लतिकाने नाव लिहिलं नाही, नुसतं 'उ' लिहिलं आणि खाली तारीख.

तपासणीसाठी तुकडा काढल्यामुळे रोप जरा दमलं होतं. ते सावरलं की त्याची फोड करून चार बाटल्या करायच्या, चाराच्या सोळा. फेब्रुवारीतला एक सोमवार आम्ही ठरवला.

मी निरोप धाडला तसे सगुण दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.ने आले. पिशवीत दोन शहाळी. पाय धुऊन, टोपी खिशात घालून ते काचेबाहेर उभे राहिले. लतिकाने बाटली आणून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली, मानेला आधार देत तान्हं बाळ घ्यावं तशी.

"ह्या आमचा?"

"हे तुमचंच."

"केवढासा." त्यांनी बाटली जरा फिरवून बघितली. "मी खड्डो मारून ठेवलंय. शेणखत घातलंय. नातवाच्या उष्टावणाक काय ह्या मिळाचा नाय, बाजारातला केळा आणूचा लागतला. पन पुढच्या वर्साक शेजारच्या राऊळाच्या सुनेच्या पोराचा होतला. तेवा चैताली देतली."

"चैतालीला शनिवारी शाळेबरोबर पाठवा," मी म्हणालो. "पाचवीचा वर्ग येणारच आहे. तिला दाखवतो."

दर महिन्याला एका शनिवारी मी आसपासच्या शाळांतली मुलं बोलवत असे. केंद्राच्या कामाचा तो भाग नव्हता. वरचे साहेब त्यावरून मला टोमणेही मारत. पण महिन्यातला तो एकच दिवस मी डब्यातलं जेवण विसरत असे.

*

त्या शनिवारी शिरखोलची अठ्ठावीस मुलं आली. मी त्यांना बाहेरच्या खोलीत कांदा सोलून दाखवला, बाटल्यांच्या मांडण्या काचेतून दाखवल्या, आणि मग सहा-सहा जणांना कापणीच्या खोलीच्या दारापर्यंत आणलं. लतिका दाराशी उभी राहून त्यांना आवरत होती.

"सर, ह्या कपाटाक दार नाय?" एका मुलाने विचारलं.

"नाही. बघ कसं आहे ते. हे लॅमिनार. याच्या मागच्या भिंतीतून गाळलेली, स्वच्छ हवा येते आणि सारखी बाहेर वाहत राहते. आतून बाहेर. हात पुढे कर. लागतेय?"

"लागता! गार."

"म्हणजे तुमचा श्वास, तुमची धूळ आत जाऊच शकत नाही. हवाच ती बाहेर ढकलते. त्यामुळे दार नसलं तरी चालतं."

"मगे तुमी तोंडाक फडका कित्याक बांधलास?"

सगळे हसले. मीही हसलो. माझा आवाज मास्कमधून मागच्या मुलांना नीट ऐकू जात नव्हता. मी तो हनुवटीखाली ओढला.

"कारण काम करताना मी डोकं आत घालतो. मी हवेच्या वाटेतच येतो. कळलं?"

दिवा पेटवला. नेहमीच्या जातीची, बाजारात चालणाऱ्या केळीची एक बाटली घेतली, ज्योतीजवळ झाकण काढलं, चिमट्याने रोपाचं पान उचलून दाखवलं. पुढे वाकून, इकडे बघा, हे पान, हे मूळ, असं सांगितलं, झाकण लावलं. चार-पाच सेकंद. असलं मी शेकडो वेळा केलं होतं.

शेवटच्या सहा जणांत चैताली होती. तिने बाटल्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आमची खंयची?"

मी 'उ'ची बाटली मांडणीवरून आणली.

"ही आनि ती सारकीच दिसता," ती म्हणाली. "हीच आमची कशावरून?"

"आम्ही लिहून ठेवलंय ना."

"लिवताना चुकलास तर?"

लतिका दारातून म्हणाली, "सर, ही पोरगी आपली नोकरी घालवणार."

"आबा काय म्हणतत, उष्टाळीचा पान जरी चुरगळला तरी लोण्याचो वास येता," चैताली म्हणाली. "वास इलो तर ती आमची."

आता सांगताना लाज वाटते, पण त्या क्षणी मला केवढा आनंद झाला होता. नावाची चिठ्ठी पुरेशी नाही, पुरावा दाखवा, असं म्हणणारं मूल. असं मूल वर्षातून एखादंच भेटतं.

"सर, ती नको," लतिका म्हणाली. "सोमवारी फोड आहे."

"चार सेकंद," मी म्हणालो. "ये गं. इथे उभी राहा, या रेघेवर. आत यायचं नाही. वास तुझ्यापर्यंत हवाच आणेल."

मी ज्योतीजवळ झाकण काढलं. वाकलो. चिमट्याने सगळ्यात खालचं इवलंसं पान धरलं आणि दाबलं. "आता घे वास. हळू. नाकाने." चैतालीने डोळे मिटले. मान लांब केली. रेघेवरचे पाय हलले नाहीत, पण नाक कपाटाच्या कडेपर्यंत आलं.

"येता," ती म्हणाली. डोळे उघडून ओरडलीच, "येता, सर! आमचीच ती!"

आणि शिंकली. मी झाकण लावत होतो तेव्हा. मागची मुलं खिदळली.

वास खरंच आला असेल का, मला माहीत नाही. तिला आला.

*

सोमवारी लतिका आली तेव्हा मी आधीच मांडणीपाशी उभा होतो. बाटली माझ्या हातात होती. रोपाच्या बुंध्याभोवती जेलीवर दुधाळ, पिवळसर कडं उमटलं होतं. बोटाच्या नखाएवढं.

लतिकाने ती माझ्या हातातून घेतली, उजेडाकडे धरली, आणि खाली ठेवली.

"त्या पोरीने नाक घातलं होतं," ती म्हणाली. "शिंकलीही. मी बघितलं."

मी मांडणीवरच्या बाकीच्या बाटल्या तपासायला लागलो.

"सर, आता ओरडत बसू नका स्वतःवर. धुवून बघू. हात धुते मी." दाराशी जाऊन ती थांबली. "शनिवारची ती दुसरी बाटली कुठेय? मुलांना दाखवली ती?"

"धुवायला टाकली."

तिने रोप काढलं, धुतलं, जंतुनाशकात ठेवलं, बाहेरचं बाहेरचं कापत परत मोहरीवर आली. पुन्हा बाटली. तिसऱ्या दिवशी पुन्हा कडं. पुन्हा कापलं, पुन्हा धुतलं, औषध वाढवलं. बारा दिवस तिने जेवायची सुट्टी घेतली नाही. तेराव्या दिवशी ते टोक काळं पडलं. ती बाटली घेऊन माझ्या टेबलाशी आली, ती ठेवली आणि समोरच्या खुर्चीत बसून रडली. मी तिला पाणी दिलं.

*

शिरखोलला मी एकटाच गेलो, स्कूटरवर. वाटेत दोनदा थांबलो.

विहिरीजवळचा खड्डा काठापर्यंत भरलेला होता, खत नि माती. त्याच्याभोवती शेरताटीच्या काठ्यांचं कुंपण घातलं होतं, गुरं येऊ नयेत म्हणून. सगुण सुपारीच्या पोफळीखाली झावळ्या ओढत होते. मला बघून त्यांनी टोपी सारखी केली.

"येवा, मास्तर. आणलास?"

त्यांची नजर माझ्या हातांवर होती. माझ्या हातात काही नव्हतं.

"सगुणभाऊ, ती गेली."

"खंय गेली?"

"बाटलीत जंतू शिरला. बारा दिवस आम्ही धडपड केली. नाही वाचवता आली."

ते झावळी हातात धरून उभे होते. ती खाली ठेवायचं त्यांना सुचत नव्हतं.

"खंयसून शिरलो? तुमी तर म्हणा होतास, मुंगीय जावची नाय."

इथे मी जे बोललो ते शब्दाला शब्द मला आठवतं. मी म्हणालो, "शनिवारी मुलं आली होती. बाटली उघडली होती."

त्यात खोटं काही नव्हतं.

सगुणनी हळूच वळून पडवीकडे पाहिलं. चैताली दारात उभी होती. शाळेचा गणवेश, दोन वेण्या. ऐकत होती. तिचे दोन्ही हात वर आले आणि तिने आपलं नाक आणि तोंड घट्ट झाकून घेतलं. हातांच्या मागून ती काहीतरी म्हणाली.

"काय म्हणतस?"

"मी फक्त वास घेतलंय, आबा." तिने हात काढले नाहीत. "शिंक आपोआप इली."

मी तिच्याकडे पाहिलं नाही. मी खड्ड्याकडे बघत होतो. आत्ता, आत्ता सांगायचं, असं मी मनात म्हणत होतो, आणि प्रत्येक क्षणाला ते जास्त कठीण होत होतं.

सगुण चालत पडवीपर्यंत गेले. मला वाटलं, ते तिला मारणार. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"जाव दे. रडा नको. पोर तू, तुका काय कळता? मुद्दाम थोडाच केलंस." आणि माझ्याकडे वळून, "मास्तर, तिका काय बोला नकास हां. पोरटी ती."

"नाही," मी म्हणालो. "मी काही बोलणार नाही."

त्यांनी तिला माफ केलं. माझ्या समोर, माझ्या देखत. मी चहा प्यालो आणि निघालो. फाटकापाशी मागे पाहिलं तेव्हा आतून तिच्या आईने हाक मारली, "चैताली, बाळाक घे जरा," आणि ती अंगणाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिली.

*

त्यानंतर पाच वर्षांनी ते केंद्र बंद झालं. आजूबाजूच्या दहा-बारा गावांत मी उष्टाळी शोधली. कोणाच्या माहेरी, कोणाच्या परसात. जिथे गेलो तिथे ती कधीतरी होती. सगुण धुरी नऊ वर्षांपूर्वी वारले. मी गेलो होतो. त्यांच्या विहिरीजवळ तो खड्डा तसाच होता, कुंपणासकट. त्यात त्यांनी दुसरं काही लावलं नव्हतं.

मी अजून शाळांत जातो. टोपलीत चार बाटल्या नेतो, झाकणं पक्की बंद केलेल्या. मुलांना हातात देतो. उघडत नाही.

गेल्या वर्षी शिरखोलच्या शाळेत गेलो होतो. बालवाडीची मुलंही पुढे बसवली होती, त्यांच्या आया मागे भिंतीला टेकून उभ्या होत्या. मी एक बाटली पुढच्या चार-पाच वर्षांच्या मुलीच्या हातात दिली. ती बाटलीवर वाकली. तेवढ्यात मागून एक बाई भराभर पुढे आली, तिच्याशेजारी बसली आणि तिने आपला तळवा त्या पोरीच्या नाकातोंडावर ठेवला.

"श्वास धर गो. लागता ता बाटलीक."

"झाकण बंद आहे," मी म्हणालो.

"असू दे, सर."

मग मी तिला ओळखलं. तिनेही मला ओळखलेलं होतं, आधीच.

वर्ग सुटल्यावर मी तिला व्हरांड्याच्या कट्ट्यावर बसायला सांगितलं. ती आता कुडाळला असते, नवरा बँकेत, माहेरी चार दिवस आली होती आणि शेजारच्या मुलांबरोबर मुलीलाही शाळेत घेऊन आली होती. तिची मुलगी बाटली सोडायला तयार नव्हती, म्हणून ती खिडकीपाशी बाटली घेऊन उभी राहिली.

"चैताली, ती बाटली तुझ्यामुळे गेली नाही."

ती हसली. मोठी माणसं हसतात तसं. "सर, किती वर्षं झाली. आबांनी तेव्हाच माफ केलं होतं मला. आजारी होते तेव्हाही म्हणाले, त्या केळीचा मनाक लावन घेव नको. मी म्हटलं, नाय आबा."

"त्या शनिवारी मी आधी एक दुसरी बाटली उघडली होती. आठवतं तुला?"

"बाकीच्या मुलांना दाखवायला. मी तेव्हा बाहेर होते. माझा नंबर शेवटचा."

"सोमवारी त्या बाटलीतही तेच आलं होतं. तसंच दुधाळ कडं, तोच रंग. लतिका यायच्या आत मी ती मोरीत नेऊन टाकली. तू तेव्हा तिथे नव्हतीस. तिथे मी होतो. तुम्हाला ऐकू जावं म्हणून मी मास्क खाली ओढला होता, आणि दोन्ही वेळा बाटलीवर वाकून बोलत होतो."

मैदानात मुलं खो-खो खेळत होती. ती तिकडे बघत होती.

"हवा आतून बाहेर येते," ती म्हणाली.

"काय?"

"तुम्हीच सांगितलं होतं. हवा आतून बाहेर येते, तुमचा श्वास आत जाऊच शकत नाही. मी घरी जाऊन वहीत लिहिलं होतं. कपाटाचं चित्र काढलं होतं, बाण दाखवले होते. तुम्ही आबांना सांगायला आलात ना, तेव्हा माझ्या डोक्यात तेच होतं. हवा बाहेर येते, तर माझा श्वास आत कसा गेला? मला तुम्हाला विचारायचं होतं."

"मग..."

"तुम्ही माझ्याकडे बघतच नव्हतात."

मी मान खाली घातली.

"मला वाटलं, माझं चित्रच चुकलं असणार. पान फाडून टाकलं मी. भावाला वर्षभर घेतलं नाही. आई म्हणायची, पोरगी दुस्वास करता. माझा श्वास लागेल त्याला, हे मी कोणालाच सांगितलं नाही. ही झाली," तिने खिडकीकडे मान केली, "तेव्हाही पहिले दोन महिने फडका बांधून दूध पाजायचे. सासूबाई विचारायच्या, तुला खोकला आहे काय गं?"

"चैताली, मी..."

"आबांना सांगितलंत?"

"नाही."

"कधीच?"

"कधीच नाही."

तिने डोळ्यांना पदर लावला, पुन्हा खाली सोडला. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती उठली, चपला पायात सरकवल्या, पिशवी खांद्याला लावली आणि मुलीला हाक मारली.

"चल गो. सरांची बाटली देवन टाक."

पोरगी खिडकीपाशीच होती. एका हाताने तिने बाटली उजेडाकडे धरली होती. दुसऱ्या हाताचा तळवा नाकातोंडावर होता, मघाशी आईने ठेवला होता तसाच, अगदी घट्ट. तिचे डोळे मोठे झाले होते. बोटांच्या फटींतून चोरून श्वास घेत होती.

हाताच्या मागूनच तिने विचारलं, "आई, आता सोडू?"

चैताली माझ्याकडे बघत होती.

"माका नको," ती म्हणाली. "सरांका विचार."